टिकटिकणारी झडप आणि कराटेचा वर्ग



संध्याकाळची वेळ आहे. शाळेच्या सभागृहात कराटेचा वर्ग भरला आहे, अशी कल्पना करा. पांढरे पोशाख घातलेली वीस-पंचवीस मुले ओळीत उभी आहेत. सरांनी डोळे मिटून शांत बसायला सांगितले आहे. सगळीकडे निःशब्द झाले, आणि तेवढ्यात शेजारच्या मुलाला कसला तरी बारीक आवाज ऐकू येतो. टिक्... टिक्... टिक्... घड्याळासारखा. पण वर्गात तर कोणाच्याही हातात घड्याळ नाही!

तो आवाज येत असतो भिंतीजवळच्या बाकावर बसलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाच्या छातीतून. चार महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. बिघडलेली झडप काढून तिच्या जागी कृत्रिम झडप बसवली. ती मिटताना होणारा हा आवाज आहे. शस्त्रक्रियेआधी दोन वर्षे तो याच वर्गात कराटे शिकत होता. आता तो रोज येतो, बाकावर बसतो आणि बघतो. त्याने आपल्या डॉक्टरांना विचारले, "डॉक्टर, मी परत कधी सुरू करू?"

डॉक्टर म्हणाले, "सुरू करशील. पण पूर्वी जे जे करत होतास ते सगळे करता येणार नाही. काय करायचे आणि काय नाही, ते मी सांगेनच. पण का, ते तू स्वतः समजून घे. कारण कळले म्हणजे नियम पाळणे सोपे जाते."

हा मुलगा आपण कल्पनेतला घेतला असला, तरी त्याचा प्रश्न खरा आहे. असे अनेक जण तो विचारतात. चला, डॉक्टरांनी सांगितलेले 'का' आपणही शोधून काढू.

झडपेचे काम

सायकलचा पंप तुम्ही पाहिलाच आहे. दट्ट्या दाबला की हवा ट्यूबमध्ये जाते. दट्ट्या वर ओढला तर ती परत पंपात येत नाही. कारण वाटेत एक झडप असते. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार.

आपले हृदयही एक पंपच आहे. त्यात चार कप्पे असतात. वरच्या दोघांना कर्णिका आणि खालच्या दोघांना जवनिका म्हणतात. रक्ताने पुढेच जावे, मागे फिरू नये, म्हणून हृदयात चार झडपा असतात. दोन झडपा कर्णिका व जवनिका यांच्यामध्ये, आणि दोन जवनिकांतून निघणाऱ्या मोठ्या रोहिण्यांच्या तोंडाशी. यांतली डाव्या बाजूची द्विदल झडप आणि महारोहिणीच्या तोंडाची झडप यांच्यावर दाबाचा ताण सर्वांत अधिक येतो. त्यामुळे त्या बिघडण्याचे प्रमाणही अधिक आहे.

या झडपा किती काम करतात, याचा हिशेब करा. हृदयाचे ठोके मिनिटाला ७२ धरले, तर दिवसाला १,०३,६८० होतात आणि वर्षाला सुमारे ३ कोटी ७८ लाख. प्रत्येक ठोक्याला प्रत्येक झडप एकदा उघडते आणि एकदा मिटते. माणसाने बनवलेले कोणते दार वर्षाला पावणेचार कोटी वेळा उघडझाप करूनही कुरकुरत नाही?

घशापासून हृदयापर्यंत

अशी भक्कम झडप चौदाव्या वर्षी का बिघडावी? काही मुलांत ती जन्मतःच सदोष असते. पण आपल्या देशात आणखी एक मोठे कारण आहे. त्याची सुरुवात होते साध्या घसादुखीपासून.

स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूंमुळे घसा येतो. बहुतेक मुले आठवड्याभरात बरी होतात. मात्र काहींच्या बाबतीत एक विचित्र घोटाळा होतो. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने उभी केलेली फौज चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालून जाते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. याला संधिज्वर म्हणतात. तो मुख्यतः ५ ते १५ या वयात येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाची झडप जाड व आखडलेली होऊन बसते. मग ती नीट उघडत नाही, किंवा नीट मिटत नाही.

म्हणून घसा फार दुखून ताप आला तर 'होईल बरा' म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. जंतू स्ट्रेप्टोकोकस असेल तर पेनिसिलिनने तो हटतो. संधिज्वर होऊन गेलेल्या मुलांना तो पुन्हा होऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन कित्येक वर्षे घ्यावे लागते. ते चुकवायचे नसते.

चेंडू, चकती आणि पाकळ्या

शक्य असेल तेव्हा शल्यविशारद झडप दुरुस्त करतात. ते शक्य नसले तर बदलतात. द्विदल झडपेच्या जागी बसवलेली कृत्रिम झडप दीर्घकाळ चालल्याची यशस्वी शस्त्रक्रिया १९६० मध्ये अमेरिकेत ऑरेगन राज्यात झाली. शल्यविशारद आल्बर्ट स्टार आणि अभियंता लॉवेल एडवर्ड्स या दोघांनी ती झडप बनवली होती. तिची रचना अगदी सोपी होती : धातूचा एक छोटा पिंजरा आणि त्यात एक चेंडू. रक्त पुढे आले की चेंडू वर सरके आणि वाट मोकळी होई. रक्त मागे येऊ लागले की चेंडू भोकावर बसून वाट बंद करी.

पुढे चेंडूऐवजी कलणारी चकती आली. १९७७ मध्ये कठीण व गुळगुळीत कार्बनच्या दोन पाकळ्या असलेली झडप माणसात प्रथम बसवली गेली. आपल्या देशातही हे काम झाले. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली कलत्या चकतीची 'चित्रा' झडप तयार झाली. आधीचे नमुने अपयशी ठरले तरी शास्त्रज्ञांनी प्रयत्न सोडले नाहीत. शेवटी डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली.

अशा यांत्रिक झडपा फार टिकाऊ असतात. पण त्यांच्यात एक उणीव आहे, आणि आपल्या मित्राचा सारा प्रश्न त्या उणिवेतूनच निघतो.

रक्त गोठते कसे?

तुमचे बोट कापते तेव्हा काय होते? फुटलेली रक्तवाहिनी आकसते. रक्तातील बिंबिका नावाचे सूक्ष्म कण त्या जागी चिकटून तात्पुरता बांध घालतात. त्याच वेळी रक्तद्रवातल्या काही प्रथिनांची साखळी जागी होते. एक प्रथिन दुसऱ्याला चालना देते, दुसरे तिसऱ्याला. शेवटी प्रोथ्रॉम्बिनपासून थ्रॉम्बिन बनते आणि ते फायब्रिनचे चिवट धागे तयार करते. त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात आणि गुठळी बनते. रक्त थांबते.

ही साखळी जागी व्हायला जखमच हवी असे नाही. परकी वस्तू भेटली किंवा रक्त एखाद्या कोपऱ्यात रेंगाळले, तरीही ती जागी होते. यांत्रिक झडपेत दोन्ही गोष्टी असतात. धातू व कार्बन शरीराला परके. शिवाय बिजागरीच्या खाचांमध्ये रक्त भोवऱ्यात सापडते. तेथे गुठळी धरली तर झडप अडकून पडू शकते. गुठळीचा तुकडा सुटून मेंदूच्या रोहिणीत गेला तर पक्षाघात होतो. म्हणून यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाला रक्त गोठू न देणारे औषध जन्मभर घ्यावे लागते.

गायींच्या रोगातून सापडलेले औषध

या औषधाचा शोध मोठा मनोरंजक आहे. १९२० नंतरच्या काळात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या गायींना एक नवाच रोग होऊ लागला. शिंग कापण्यासारख्या किरकोळ जखमेतूनही रक्त वाहत राही आणि जनावर मरे. या गायींनी 'स्वीट क्लोव्हर' नावाचा, आपल्या मेथीच्या नात्यातला चारा खाल्लेला असे. आणि तो चारा बुरसलेला असे.

फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी भर हिमवादळात सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत विद्यापीठाच्या गावी आला. गाडीत मेलेली कालवड, बुरसलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त होते. ते सारे रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचले. सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १९३९ मध्ये, लिंक यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातून दोषी पदार्थ वेगळा काढला. पुढे त्याच जातीचा अधिक प्रभावी पदार्थ तयार केला गेला. त्याचे नाव वॉर्फरिन. १९४८ मध्ये तो उंदीर मारण्यासाठी बाजारात आला आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली! मात्रा मोजकी असेल तर विषाचेही औषध होते, याचे हे उत्तम उदाहरण.

वॉर्फरिन करते काय? गोठण्याच्या साखळीतली चार प्रथिने यकृतात तयार होतात, आणि ती कामाची व्हायला के जीवनसत्त्व लागते. डेन्मार्कचे हेन्रिक डाम यांनी हे जीवनसत्त्व शोधले. 'कोआग्युलेशन' म्हणजे गोठणे या शब्दातील पहिल्या अक्षरावरून त्याला 'के' नाव मिळाले. आपले शरीर थोडेसे के जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरते. वॉर्फरिन हा पुनर्वापर अडवते. त्यामुळे कामाची प्रथिने कमी पडतात आणि गुठळी सावकाश बनते.

यावरून एक गैरसमज दूर करा. या औषधांना लोक 'रक्त पातळ करणारी औषधे' म्हणतात. पण दुधात पाणी घातल्यासारखे रक्त काही पातळ होत नाही. ते पूर्वीइतकेच दाट असते. फक्त गोठायला जास्त वेळ लागतो.

दोरीवरून चालणे

हा वेळ मोजता येतो. रुग्णाच्या रक्तद्रवात गोठण्याची क्रिया सुरू करणारे रसायन मिसळतात आणि गुठळी धरायला किती सेकंद लागले ते पाहतात. रसायन वेगवेगळ्या कारखान्यांत बनते, त्यामुळे एकाच रक्ताचे आकडे निरनिराळे येत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये सर्वांसाठी एक समान गुणोत्तर स्वीकारले. त्याला आय.एन.आर. म्हणतात. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आय.एन.आर. १ च्या आसपास असतो. यांत्रिक झडप असलेल्यांचा तो साधारणपणे २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ या पट्ट्यात ठेवतात. झडप कोणती व कोठे बसवली आहे, यावरून डॉक्टर पट्टा ठरवतात.

आकडा खाली गेला तर झडपेवर गुठळी धरण्याचा धोका. वर गेला तर रक्तस्रावाचा धोका. डोंबारी दोरीवरून चालतो तसे हे चालणे आहे. म्हणून वेळोवेळी रक्त तपासावे लागते. पालक, मेथी, कोथिंबीर अशा पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते. त्या वर्ज्य नाहीत. पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा मुळीच नाही, असे करून चालत नाही. प्रमाण सारखे ठेवावे लागते.

कोणी म्हणेल, "मग स्पर्धेच्या आधी दोन दिवस गोळी बंद करावी, म्हणजे झाले!" हा विचार फार घातक आहे. वॉर्फरिनचा परिणाम एकदम जात नाही, तसा एकदम येतही नाही. दोन्हीला काही दिवस लागतात. स्पर्धेच्या दिवशी रक्तस्रावाचा धोका पुरता गेलेला नसतो, आणि नंतरचे काही दिवस झडप मात्र संरक्षणावाचून राहते. दुसरा कोणी विचारील, "अलीकडे नवी औषधे निघाली आहेत ना?" आहेत, पण यांत्रिक झडपेसाठी ती चालत नाहीत. त्यांपैकी एका औषधाची अशा रुग्णांवर चाचणी घेतली, तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढलेले दिसले. २०१२ च्या अखेरीस ती चाचणी थांबवावी लागली.

एक प्रयोग करून पाहा

आता कराटेकडे वळू. दंडावर गुद्दा बसला तर आपल्या मित्राच्या दंडावर इतरांपेक्षा मोठा काळानिळा डाग पडेल. तो दिसतो, दाबून धरता येतो, थंड पट्टी ठेवता येते. खरी भीती आहे ती न दिसणाऱ्या रक्तस्रावाची, आणि त्यातही डोक्यातल्या.

एक पसरट पातेले घ्या. ते पाण्याने अर्धे भरा. मधोमध काडेपेटीची काडी तरंगत ठेवा. पाणी स्थिर झाले की पातेले दोन्ही हातांनी धरून झटकन पाव वर्तुळ फिरवा. काडीकडे पाहा. पातेले फिरले, पण काडी जवळजवळ पहिल्याच दिशेला राहिली! पाण्याने पातेल्याची साथ दिली नाही. आता अशी कल्पना करा की काडीच्या टोकापासून पातेल्याच्या कडेपर्यंत बारीक धागे ताणून बांधले आहेत. पातेले फिरताच त्यांचे काय होईल? ते ताणले जातील. झटका मोठा असेल तर तुटतील.

कवटी म्हणजे ते पातेले आणि मेंदू म्हणजे आतले पाणी. मेंदू पाण्याइतका सैल नसतो, पण तत्त्व तेच. मेंदूच्या पृष्ठभागावरून त्याच्या जाड आवरणाकडे बारीक नीला गेलेल्या असतात, दोन काठांना जोडणाऱ्या साकवांसारख्या. डोके जोराने गर्रकन फिरले की या नीलांना ताण बसतो. हनुवटीवर तिरपा ठोसा बसला तर हेच होते. मान जोरात हिसडली तर डोक्याला प्रत्यक्ष मार न लागताही हे होऊ शकते.

अशी नीला फाटली तर रक्त हळूहळू झिरपू लागते. दंडातले रक्त आजूबाजूला पसरायला जागा असते. कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात रक्त साठले की मेंदू दाबला जातो. औषध घेणाऱ्याच्या शरीरात गुठळी उशिरा धरते, म्हणून रक्त अधिक वेळ झिरपते. सर्वांत फसवी गोष्ट ही, की मार लागल्यावर काही तास, कधी काही दिवस, माणूस अगदी ठीक दिसतो. मग डोके दुखू लागते, उलट्या होतात, गुंगी येते, बोलणे अडखळते. डोक्याला लागल्यावर दुखो वा न दुखो, अशा व्यक्तीने लगेच रुग्णालयात जायचे असते, ते यासाठी.

मऊ शिरस्त्राण घातले तर? त्याने कातडी फुटणे वाचेल. पण शिरस्त्राणासकट डोके गर्रकन फिरायचे ते फिरतेच. आपल्या प्रयोगात पातेल्याला बाहेरून उशी बांधली तरी आतली काडी वळेल का?

पडण्याचे गणित

ज्यूदो शिकणारी मुले सुरुवातीला पडायला शिकतात. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत ज्यूदोची शाळा काढली. तेथील शिक्षणात या पडण्याच्या कलेला महत्त्वाचे स्थान आहे. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ गोल करायची आणि हात जमिनीवर आपटून मार मोठ्या भागावर वाटून टाकायचा.

यामागचे गणित सोपे आहे. समजा डोके दीड मीटर उंचीवरून खाली आले आणि कठीण फरशीवर १ सेंटिमीटर अंतरात थांबले. दीड मीटरमध्ये मिळवलेला वेग एका सेंटिमीटरमध्ये घालवायचा आहे. १५० सेंटिमीटरला १ सेंटिमीटरने भागा. थांबताना बसणारा झटका गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १५० पट येतो. जाड गादीवर तेच डोके १० सेंटिमीटर अंतरात थांबले तर १५ पट. थांबायला अंतर जितके जास्त, झटका तितका कमी. चेंडू झेलताना तुम्ही हात मागे नेता, तेही याच कारणाने.

मग गादीवर ज्यूदो चालेल? विचार करा. आपण स्वतः पडलो तर कसे पडायचे ते आपल्या हाती असते. पण धोबीपछाड मारणारा आपल्याला कसा आपटील, ते आपल्या हाती नसते. शंभरदा नीट पडले आणि एकदा चुकले, तर निरोगी मुलाला टेंगूळ येईल. आपल्या मित्राच्या जिवावर बेतू शकेल. शिवाय गादीने सरळ बसणारा झटका कमी होतो. मान फिरण्याचा झटका तितका कमी होत नाही. म्हणूनच हृदयरोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी अंगावर आदळण्याचे खेळ टाळावेत.

कराटेचे तीन भाग

याचा अर्थ आपल्या मित्राने पोशाख कायमचा घडी करून ठेवायचा का? नाही. कराटेच्या शिक्षणाचे तीन भाग पाडून पाहा.

पहिला भाग किहोन, म्हणजे मूळ हालचाली : उभे राहणे, ठोसा, अडवणे, लाथ. दुसरा भाग काता. यात ठरलेल्या हालचालींची मालिका एकट्याने, काल्पनिक शत्रूंशी लढल्याप्रमाणे करायची. तिसरा भाग कुमिते, म्हणजे समोरच्या माणसाशी लढत.

पहिल्या दोन भागांत हवेत ठोसा मारायचा असतो. कोणी अंगावर येत नाही. डॉक्टरांची परवानगी असेल तर हे दोन्ही भाग आपल्या मित्राला करता येतील. तिसरा भाग मात्र बंद. 'हळूच मारीन' असे म्हणणाऱ्या मित्राबरोबरही बंद, कारण अपघात कोणी ठरवून करत नाही. विटा, फळ्या फोडणेही बंद.

काता म्हणजे दुय्यम काहीतरी, असे समजू नका. २०२१ मध्ये भरलेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये कातासाठी स्वतंत्र सुवर्णपदके होती. पुरुषांत ओकिनावाचा किऊना र्यो आणि स्त्रियांत स्पेनची सांद्रा सांचेझ यांनी ती जिंकली. लढत न करता कराटेत जगात पहिला क्रमांक मिळवता येतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

हीच कसोटी इतर विद्यांना लावा. आपल्या मर्दानी खेळांत मोकळ्या जागी एकट्याने लाठी फिरवणे वेगळे आणि समोरासमोर लाठी लढवणे वेगळे. कलरिपयट्टूतील अंग वळवण्याचे व्यायाम वेगळे, शस्त्रांची झुंज वेगळी. कुस्ती मात्र धरपकडीवाचून होतच नाही. ती सोडावी लागते. चीनमधील ताई ची सावकाश आणि एकट्याने करतात. ती बहुतेकांना चालते.

केव्हा आणि कसे

शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापून नंतर तारेने बांधतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरेसे भक्कम व्हायला सुमारे तीन महिने. तोवर जोर काढणे, वजन उचलणे, हात जोराने झटकणे नको. आधी चालणे, मग चालण्याचा वेग वाढवणे, आणि त्यानंतर हृदयाची तपासणी करून डॉक्टर सांगतील तेवढा व्यायाम. श्रम करताना शेजाऱ्याशी बोलता येत असेल तर वेग बेताचा आहे, अशी सोपी खूण लक्षात ठेवा. श्वास कोंडून जोर लावायचा नाही. त्याने छातीतला दाब आणि रक्तदाब एकदम वरखाली होतात. कातामध्ये ठोशाबरोबर 'किआय' असा आवाज काढून श्वास बाहेर सोडतात. ही सवय येथे उपयोगी पडते.

अनवाणी पायाला चीर पडली तर ती लगेच धुऊन झाकायची, कारण रक्तात शिरलेले जंतू कृत्रिम झडपेवर ठाण मांडू शकतात. दातांची निगा राखायची तीही याचसाठी. अंग दुखले म्हणून आपल्या मनाने अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घ्यायचे नाही. ही औषधे बिंबिकांचे काम मंदावतात, आणि मग रक्त थांबवणारे दोन्ही पहारेकरी एकदम ढिले पडतात.

तुम्ही त्याचे वर्गमित्र असाल तर तुमच्याकडेही काम आहे. गमतीत टपली मारणे, मागून ढकलणे बंद करा. नाकातून रक्त आले तर त्याला बसवा, पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबा. डोक्याला लागले तर 'मला काही झाले नाही' असे त्याने म्हटले तरी ऐकू नका. मोठ्या माणसांना बोलवा. त्याच्या खिशात औषधाचे नाव लिहिलेले कार्ड असते, ते रुग्णालयात दाखवायला सांगा.

दुसरी वाट आणि तिची किंमत

तुमच्यापैकी कोणी विचारील, "औषध लागणारच नाही अशी झडप नसते का?" असते. डुकराच्या झडपेपासून किंवा गाईगुरांच्या हृदयावरील आवरणापासून बनवलेली जैविक झडप बसवतात. तिच्यासाठी हे औषध सहसा जन्मभर घ्यावे लागत नाही. पण ती झिजते, आणि लहान वयात अधिक लवकर झिजते. म्हणजे दहा-पंधरा वर्षांत, कधी त्याआधीही, पुन्हा शस्त्रक्रिया. एका बाजूला टिकाऊ झडप आणि जन्मभराचे पथ्य. दुसऱ्या बाजूला मोकळीक आणि पुन्हा छाती उघडणे. फुकट काहीच मिळत नाही. ही निवड रुग्ण, त्याचे आईवडील आणि डॉक्टर मिळून शस्त्रक्रियेआधीच करतात. आपल्या मित्राच्या घरी टिकाऊ झडप निवडली गेली.

त्याने हे सारे समजून घेतले. पुढच्या सोमवारी तो बाकावरून उठून ओळीच्या टोकाला उभा राहिला. सरांनी त्याला पुरेशी मोकळी जागा दिली. मुलांनी काता सुरू केली, त्यानेही केली. नंतर जोड्या जुळल्या आणि लढती सुरू झाल्या, तेव्हा तो शांतपणे बाजूला झाला आणि पंच म्हणून उभा राहिला. कोणी त्याला भित्रा म्हटले नाही. आपल्या शरीराचे गणित ज्याला कळले आहे आणि जो त्याप्रमाणे वागतो, तो भित्रा कसा?

विचार करा

१. चौदाव्या वर्षी बसवलेली यांत्रिक झडप चोपन्नाव्या वर्षापर्यंत साधारण किती वेळा उघडेल?

२. दीड मीटर उंचीवरून पडलेले डोके २० सेंटिमीटर अंतरात थांबले, तर झटका गुरुत्वत्वरणाच्या किती पट असेल?

३. आय.एन.आर. नेहमी योग्य असलेल्या माणसाने महिनाभर रोज पालक खायला सुरुवात केली, तर आकडा वर जाईल की खाली? का?

४. कबड्डी, बॅडमिंटन, खो-खो, बुद्धिबळ, फुटबॉल, सूर्यनमस्कार : यांपैकी कोणते प्रकार आपल्या मित्राने टाळावेत? प्रत्येकाबाबत आधी हा प्रश्न विचारा : यात कोणी कोणावर आदळते का?